ऑपेराची राणी आणि ताईची काळी पाच

सिंगापूरला लोक खरेदीला जातात, प्राणी बघायला जातात, नाहीतर उंच हॉटेलांसमोर फोटो काढायला जातात. मी गेलो एका अमेरिकन बाईंना ऐकायला. ज्या माणसाला शाळेच्या प्रार्थनेत "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं जायचं, त्याने ऑपेरासाठी विमानाचं तिकीट काढावं, यावर नाशिकमध्ये बरीच करमणूक झाली.

खरं कारण ताई. माझी मोठी बहीण बिशानमध्ये राहते, दाजी सेम्बावांगला शिपयार्डमध्ये इंजिनिअर आहेत. तिथल्या आपल्या मंडळींच्या जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीतं म्हणावीत तर ताईनेच, आणि तीही काळी पाचमध्ये. पेटीशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो, ही चांगल्या चांगल्या गाणाऱ्या बायकांनाही उंच पडणारी पट्टी. गेल्या वर्षी ताईचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बोलणं सुधारलं, वरचे सूर काही परत आले नाहीत. तेव्हापासून तिने गाणं बंद केलं, घरातलं गुणगुणणंसुद्धा. फेब्रुवारीत फोनवर ती सहज बोलून गेली की रूथ कॅल्डर नावाची मोठी सोप्रानो, म्हणजे बायकांमधल्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका, इथे येतेय आणि तिचंही असंच ऑपरेशन झालं होतं.

"मग जाणार ना?" मी विचारलं.

"मला काय करायचंय जाऊन?"

ज्या आवाजात ती हे म्हणाली, तो मला अजिबात आवडला नाही. त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: व्हिसा एजंटमार्फत करा. अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर फुकट भरता येतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. मुंबईहून थेट विमानाने साडेपाच तास. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. चांगी विमानतळावरून ताना मेरा, मग पाया लेबार, तिथून सर्कल लाइनने बिशान. ताईच्या इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांमध्ये, नारळाच्या जॅमचा काया टोस्ट आणि कंडेन्स्ड दुधाची कोपी, म्हणजे तिथली कॉफी, घ्या. मी रोज घेतली आणि वजनकाट्याकडे बघणं सोडलं.

विमानात रूथबाईंविषयी मिळेल ते वाचलं होतं आणि वाचता वाचता त्यांच्या प्रेमातच पडलो. अमेरिकेच्या मधोमध, नुसत्या गव्हाच्या शेतांतलं गाव. वडील शाळेच्या बसचे ड्रायव्हर. घरात भावंडांचा गलका, म्हणून ही मुलगी संध्याकाळी अंगणात उभ्या केलेल्या रिकाम्या बसमध्ये बसून रियाज करायची. चर्चमधल्या गाण्यावरून शिष्यवृत्ती मिळाली. मग जर्मनीतल्या एका लहान शहराच्या ऑपेरात नोकरी: आज मोलकरीण, उद्या राणी, परवा आजारी पडलेल्या नायिकेच्या जागी ऐनवेळी उभं राहायचं. तिथून मोठमोठी थिएटरं. माइक नाही. समोर अख्खा वाद्यवृंद, आणि त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. स्टेजवर त्या क्षयाने, विषाने आणि विरहाने इतक्यांदा मेल्या, की एखाद्या विमा कंपनीने हाय खाल्ली असती.

आम्ही गेलो ते त्यांच्या खुल्या वर्गाला. विद्यार्थी गातात आणि बाई सगळ्यांसमोर त्यांना शिकवतात. अशा वर्गाचं तिकीट मैफलीच्या मानाने खूपच स्वस्त पडतं, जरूर जा. शाल मात्र न्या, सिंगापूरकरांचा एसी माणसं टिकवण्यासाठी असतो की मासे, कळत नाही. ताई "इराला बघायला मिळेल" असं म्हणत आली. इरा म्हणजे तेरा वर्षांची माझी भाची, तिला यात काडीचा रस नव्हता.

पांढऱ्याशुभ्र केसांच्या, रेशमी अंगरख्याखाली कॅनव्हासचे बूट घातलेल्या रूथबाई आल्या. एक मुलगी फार सुंदर गायली. बाईंनी विचारलं, "हे तू कुणाला सांगते आहेस?"

"प्रियकराला."

"तो किती लांब उभा आहे?"

मुलीने तो विचारच केला नव्हता. बाई हॉलच्या पार टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे आहे. आता सांग." मुलगी पुन्हा गायली, आणि माझ्यासारख्या दगडालाही फरक कळला. मग बाईंनी तिथूनच एक ओळ गाऊन दाखवली. खालच्या सुरांतली, साधी. अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याचं खापर एसीवर फोडता येईना.

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. मी हात वर केला आणि माझ्या नाशिकच्या इंग्रजीत विचारलं, "माझ्या बहिणीचं तुमच्यासारखंच ऑपरेशन झालंय. तिने गाणं सोडलंय. तिला काय सांगाल?"

ताईने मांडीला असा चिमटा काढला की निळं पडलं. इरा तिथल्या इंग्रजीत कुजबुजली, "मामा, कान्ट टेक यू एनीव्हेअर ला!" पण तिनेच बोटाने आईकडे दाखवलं.

ताईला उभं राहावं लागलं. "मी काही मोठी गायिका नाही. आमच्या लोकांची गाणी म्हणते. आता मला ती खालच्या पट्टीत म्हणावी लागतील."

"त्यासाठी परवानगी कुणाची लागते?" रूथबाईंनी विचारलं.

"कुणाचीच नाही. आमच्याकडे पट्टी गाणाराच ठरवतो."

बाई पियानोच्या स्टुलावर बसल्या. "माझे सूर माझ्या जन्माआधी मेलेल्या संगीतकारांनी ठरवून ठेवले होते," त्या म्हणाल्या. "मोठ्या थिएटरात त्यातला एकही मला खाली आणता आला नसता. म्हणून माझ्या सगळ्या नायिका मी एकेक करून दुसऱ्यांना देऊन टाकल्या. तुमचं गाणं तुमच्यासाठी खाली उतरून आलंय, आणि तुम्ही त्याला दारात उभं ठेवलंय?"

त्यांनी गायला सांगितलं. ताई म्हणाली, "आज नाही." बाईंनी मान डोलावली.

संध्याकाळी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी साते खायला गेलो. शेंगदाण्याच्या चटणीतलं हे भाजलेलं चिकन चुकवू नका. ताई माझ्याशी बोलत नव्हती. दाजी पाणी आणायला गेले तेव्हा एकदम म्हणाली, "तुला गंमत वाटते. इथे सगळे मला काळी पाचवाली ताई म्हणतात. ती गेली तर मी कोण रे?"

मी आगाऊपणा केला होता, आणि तिला दुखलं होतं. विमानतळावर तिने डोक्यावरून हात फिरवला, चिवड्याचा डबा दिला, गाण्याचं नाव काढलं नाही.

नाशिकला आल्यावर सगळ्यांना रूथबाईंविषयीच सांगत सुटलो. इतकं मोठं वैभव हातातून सोडताना कडू न झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. पण ताईच्या बाबतीत फेरी फुकट गेली, असंच मनात होतं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी इराने व्हिडिओ पाठवला. ताई निळी साडी नेसून माइकसमोर. पेटीवाल्या काकांनी सवयीने सूर धरला, तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काका, काळी पाच नको. काळी तीन द्या." पट्टी उतरलेली ऐकून पुढच्या रांगेत दोन माना वळल्या. ती गायला लागली. आवाज थोडा खरखरीत, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

काळी पाचमध्ये ती गायची तेव्हा सगळे गप्प बसून ऐकायचे, तिच्यापर्यंत कुणाला पोचताच यायचं नाही. यावेळी दुसऱ्या ओळीलाच बायकांचे आवाज मिसळले, मग पुरुषांचे, दाजींचा, फोनच्या अगदी जवळून इराचा. ध्रुवपदाला सगळा हॉल गात होता. तिसऱ्या कडव्यात ताई थांबली आणि ऐकत राहिली. गाणं चालूच राहिलं.