बिनविरोध मॅनेजर

आमचा फुटबॉल क्लब पुण्याच्या लीगमध्ये दुसऱ्या गटातून तिसऱ्या गटात घसरला, ते आणीबाणी उठल्यानंतरचं वर्ष. लोक पुन्हा मोठ्यानं बोलायला मोकळे झाले होते. पण बोलण्याआधी एकदा मागं वळून बघायची सवय दौंडात तरी अजून गेलेली नव्हती. क्लब घसरल्याचं दुःख मात्र सगळ्यांनी चारचौघांत केलं. दौंड हे रेल्वेचं गाव. फुटबॉल तिथं इंजिन चालवणाऱ्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांबरोबर आला आणि राहिला. मी मूळचा शिरूरचा, दौंडच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचो. लीगचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले, एवढ्या एका कारणावरून मला क्लबाचा चिटणीस केलं होतं.

तिसऱ्या गटाच्या खाली काही नव्हतं. तिथंही जो क्लब तळाला राहील त्याचं नाव लीगमधून काढून टाकत. म्हणजे हे वर्ष गेलं तर क्लबच गेला. आमचे खेळाडू लोको शेडमधले, मालधक्क्यावरचे, कुणी ट्रकवरचे. दिवसभर ते दुसऱ्याचं ऐकत. संध्याकाळी मैदानावर तास-दीड तास कुणाचंच ऐकत नसत. तो तास-दीड तास पणाला लागला होता.

जुने मॅनेजर हे निवृत्त मेल ड्रायव्हर. क्लब घसरला त्याच महिन्यात ते मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघून गेले. फलाटावर त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि म्हणाले, "अब तुम लोग देखो." आम्ही बघायला लागलो, तर समोर क्लबाचे अध्यक्ष दिसले.

अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. भीमेकाठचा त्यांचा ऊस, रस्त्यावर त्यांचे ट्रक, आणि मी शिकवत होतो ती शाळा त्यांच्याच संस्थेची. आप्पांनी कुणाला दम दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते आवाजसुद्धा चढवत नसत. तरी त्यांचं नाव निघालं की माणसं बसल्या जागी सावरून बसत. आप्पांच्या जावयाला मॅनेजर व्हायचं आहे, ही बातमी अशीच कुणी न सांगता गावभर झाली. जावयाला रविवारी काही काम नसायचं. सोमवार ते शनिवारही नसायचं.

आमचा गोलकीपर शेडमध्ये फिटर होता. तिशी ओलांडलेला, वस्तीतल्या पोरांना पहाटे उठवून पळवणारा. तो एका संध्याकाळी घरी आला.

"सर, म्यानेजरला तुमी हुबं ऱ्हावा."

"मला फुटबॉलातलं काय कळतं?"

"जावयालाबी न्हाई कळत. पन तुमाला कळत न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय."

एवढी खरी स्तुती माझ्या वाट्याला त्याआधी आली नव्हती. मी हो म्हणालो.

आमच्याकडं सोसायटी असो, दूध संघ असो, ग्रामपंचायत असो, निवड बिनविरोध होण्याला फार मान. मतं मोजून निवडून आलेला माणूस थोडा कमअस्सल समजला जातो. बिनविरोध करायची रीतही ठरलेली. ज्यानं माघार घ्यायची त्याच्या घरी माणसं एकेक करून जातात. चहा घेतात, पावसाचं बोलतात, पोरांचा अभ्यास विचारतात. कामाचं बोलणं निघायच्या वेळी, उंबऱ्याबाहेर, चपला चढवताना होतं.

पहिल्यांदा शाळेतले चित्रकलेचे आणि पीटीचे असे दोन शिक्षक आले. "वहिनी, साखर जरा बेतानं," म्हणत दोन-दोन कप चहा प्यायले. चपला घालताना पीटीच्या सरांनी विचारलं, "सर, तुमची शेवटची बदली कधी झाली?"

"झालेलीच नाही."

"तेच म्हणतो मी."

मग हेडमास्तर आले. त्यांना पित्ताचा त्रास, म्हणून दूध घेतलं. जाताना म्हणाले, "संस्थेची एक शाळा तिकडं पार घोडनदीच्या वरच्या अंगाला आहे. इंग्रजीला माणूस मिळत नाही. हवा मात्र उत्तम." मी हवेबद्दल आनंद व्यक्त केला.

तिसरा आला माझा मेहुणा, शिरूरहून, पहाटेच्या पहिल्या एसटीनं. "दाजी, आपलं सहज आलो," म्हणाला. पहिल्या एसटीनं सहज कुणी येत नाही. त्याची शिरूरच्या बाजारात आडत होती आणि आप्पांचा गूळ त्याच्याकडं उतरायचा. तो बहिणीशी बराच वेळ स्वयंपाकघरात बोलत बसला. तो गेल्यावर बायकोनं मला एकच प्रश्न विचारला.

"किराणा महिन्याचा भरू, का पंधरा दिवसांचाच?"

मी माघार घेतली नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. आलेल्यांपैकी एकानंही मला माघार घे असं म्हटलं नव्हतं, आणि न मागितलेली वस्तू देणारा मी कोण?

सभा शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाली. आप्पा खुर्चीवर, बाकीचे बाकांवर, आणि मोठी माणसं छोट्या बाकांवर बसल्यावर दिसतात तशी सगळी अपराधी दिसत होती. नावं वाचली गेली. मग जावई उठून उभे राहिले. "माझ्यापेक्षा सर लायक आहेत. मी माघार घेतो," असं एका दमात म्हणाले आणि बसले.

कुणालाच काय करावं ते कळेना. आप्पांनी टाळी वाजवली तेव्हा सगळ्यांनी वाजवली. शाल आणि नारळ आधीच आणून ठेवलेले होते. शालीवरून ती कुणासाठी आणली होती हे कळत नाही, तेवढी एक सोय शालीत असते. आप्पांनी ती स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर घातली, नीट केली आणि म्हणाले, "सर, निर्धास्त ऱ्हावा."

बाहेर गोलकीपर माझ्याबरोबर सायकल ढकलत चालत होता.

"सर, हे लईच सोपं झालं."

"मग त्यात वाईट काय?"

"सोपं झालं, हेच."

त्यानंतर काही झालं नाही. बदलीचा हुकूम आला नाही. उलट हेडमास्तरांनी माझे दोन तास कमी केले, "तुम्हाला सरावाला वेळ हवा ना." पीटीचे सर मला मॅनेजरसाहेब म्हणू लागले. मेहुण्यानं गुळाची एक ढेप पाठवली, ती आम्ही बरेच दिवस फोडलीच नाही. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. अपमान म्हणून नव्हे. छतातून पाणी गळणार असं माहीत असलं की माणसं बसायची जागा बदलतात, तसं. बायको किराणा पंधरा दिवसांचाच आणत राहिली.

लीगचा पहिला सामना आमच्या मैदानावर, रेल्वे रुळांच्या कडेला. चेंडू मध्यावर ठेवला आणि आप्पांची जीप आली. ड्रायव्हरनं मागून खुर्ची काढून रेषेपाशी मांडली. आप्पा बसले, जावई मागं उभे राहिले. आधी शेंगा खात आरडाओरडा करणारी माणसं एकदम शिस्तीत उभी राहिली. कुणीतरी पोराच्या हातातली पिपाणी काढून घेतली.

सुरुवात आम्ही बरी केली. मग आमच्या सेंटर फॉरवर्डनं, जो आप्पांच्या ट्रकवर क्लीनर होता, दोघांना चकवलं. पुढं समोरच्या टीमचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल सताड उघडा. फॉरवर्ड थांबला. त्यानं चेंडूकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, आणि चेंडू शांतपणे मागं, आमच्याच गोलकीपरकडं मारला.

आप्पांनी टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात मी त्यांच्याकडं गेलो. "आप्पा, खेळ कसा वाटतो?"

"झकास! पोरं जीव लावून खेळत्यात."

"काही सूचना?"

"मी काय सांगनार, सर? म्यानेजर तुमी," असं म्हणून ते पुन्हा मैदानाकडं बघू लागले. मैदानात त्या वेळी एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

सामना आम्ही हरलो. जीप गेल्यावर मी फॉरवर्डला बाजूला घेतलं. इतर खेळाडू आपोआप भोवती जमले.

"समोर गोल मोकळा होता."

"व्हय सर."

"मग?"

"जावयाला म्यानेजर हुयाचं हुतं. तुमी झाला. आता आपन जिकाया लागलो तर त्यांचं त्वांड कुठं ऱ्हातं?"

"असं आप्पांनी सांगितलं?"

"न्हाई."

"जावयांनी?"

"कुनीच न्हाई. सांगाया कशाला पायजे?"

गोलकीपर बूट सोडत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "आरं, पन क्लब तर आप्पांचा हाय. हरलो तर लाज कुनाची? त्यांचीच. टाळ्या त्यांनी रागानं वाजवल्या आसतील तर?"

 हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं.

पुढचा सामना पुण्यात झाला. जीप तिथंही आली. त्या दिवशी आमच्या टीमनं जे केलं तसं मी फुटबॉलात पुन्हा बघितलं नाही. निम्मे खेळाडू जिंकायला खेळत होते आणि निम्मे हरायला. पहिल्या निम्म्यांनी चेंडू पुढं न्यावा, दुसऱ्यांनी तो अदबीनं परत आणावा. मध्यंतरानंतर दोन्ही बाजूंची मतं बदलली आणि माणसंही उलटी झाली. गोलात एकटा गोलकीपर ठाम उभा होता. त्याला पुढून-मागून सारखेच गोल वाचवावे लागत होते. पुण्याच्या क्लबाचे खेळाडू आधी हसले, मग हसायचे थांबले, आणि शेवटी त्यांना आमची भीती वाटू लागली असावी. आप्पा सगळा वेळ टाळ्या वाजवत होते, दोन्हीकडच्या खेळाला.

असे आणखी सामने गेले. आम्ही तळाला होतो. दोन सामने राहिले होते, आणि ते जिंकले तरच क्लब वाचणार होता. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि गोलकीपर आप्पांच्या गावी निघालो. मॅनेजरपद जावयांना देऊन टाकायचं, म्हणजे पोरांच्या डोक्यातला गोंधळ संपेल आणि ती जिंकायला खेळतील, असं माझं गणित होतं.

शिरूरच्या एसटीत शेजारी बसलेला म्हातारा इनामगावचा होता. तिथं त्या काळात उत्खनन चाललं होतं आणि तो खोदकामाला जायचा. हजारो वर्षांपूर्वीची माणसं घरातल्या जमिनीखाली पुरलेली सापडत होती. "आन् पाय न्हाईत त्यास्नी," म्हातारा म्हणाला. "घोट्यापास्नं तोडल्यात. मेल्यावर उठून कुठं जाऊ नये म्हनून, आसं सायेब म्हनत्यात."

गोलकीपर म्हणाला, "म्हंजी ह्या तालुक्यात फुटबॉल तवाच बंद झालता."

म्हातारा हसला. आम्हीही हसलो, आणि आप्पांच्या गावच्या फाट्यावर उतरलो.

आप्पा लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी आम्हाला समोरच्या बाजेवर बसवलं. गोलकीपर जरा घुटमळला, तर "बस रं, बस," म्हणून त्याचा हात धरून बसवलं. चहा आला. पावसाचं बोलून झालं, उसाचं झालं. मग मी विषय काढला.

"आप्पा, मला हे काही जमत नाही. जावयांनी मॅनेजर व्हावं. मी आनंदानं सोडतो."

"छे, छे. बिनविरोध झाल्याली निवड मोडायची? लोकं काय म्हनतील, सर? तुमीच ऱ्हावा."

 तेव्हा गोलकीपरनं कप खाली ठेवला.

"आप्पा, मग येवढंच सांगा. आमी जिकावं का हरावं?"

आप्पा हसले. बराच वेळ हसले, डोळे पुसले. "आरं येड्या, खेळात कसलं जिकनं न् कसलं हरनं? खेळा की. मला लई मजा येती. मी तर ठरवलंय, आता एक सामना चुकवायचा न्हाई."

मग ते त्याच्याकडं निरखून बघत म्हणाले, "तुझा धाकटा भाऊ काय करतो रं?"

"म्याट्रिक झालाय."

"रिकामाच हाय नव्हं? पाठीव माझ्याकडं. संस्थेत बघू कुठंतरी." आणि लगेच घरात हाक मारून त्यांनी आमच्यासाठी उसाच्या दोन मोळ्या बांधायला सांगितल्या.

फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत उभे राहिलो. ऊन कलंडलं होतं. ऊस आम्ही मैलाच्या दगडाला टेकवून ठेवला होता. भाऊ दोन वर्षं घरी बसून आहे, आई रोज त्याच्यावरून रडते, हे गोलकीपरनं मला मागं कधीतरी सांगितलं होतं.  काहीतरी बोलायचं म्हणून मी खिशातून पेन काढलं.

"रविवारची टीम सांग. लिहून घेतो."

त्यानं नावं सांगितली. बॅकपासून फॉरवर्डपर्यंत, सावकाश, प्रत्येक नावानंतर थोडं थांबून. मी लिहिली आणि मोजली.

"दहाच झाली. गोलात?"

लांबून एसटी येताना दिसत होती, धुळीमुळं आधी नुसता आवाज आणि मग गाडी. तो तिकडं बघत राहिला.

"गोलात कुनीतरी बघा, सर," तो म्हणाला, आणि मोळी खांद्यावर घेऊन हात दाखवायला रस्त्यावर पुढं झाला.