एक जानेवारीचे एकेचाळीस जण

नाव: कुमुशाय. पद: संगीत संपादक, श्रेणी दोन, नारीन शहर रेडिओ. कर्तव्य: 'आजच्या दिवशी' या कार्यक्रमासाठी संगीताच्या इतिहासातील घटना तारीखवार जपणे व रोज सकाळी सात चाळीसला चार मिनिटांत सांगणे. अधिकार: तारखांत फेरफार करण्याचा नाही. कार्यक्रमाचा क्रम बदलण्याचा नाही. खिडकी उघडण्याचा, हिवाळा वगळून.

कुमुशायना सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणतात. एजेंच्या खोलीत वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एक खण आहे. खणात कार्डं. कोण कधी जन्मलं, कोणती तबकडी कधी निघाली, कोणत्या गायकाचं विमान कधी पडलं. बहुतेक खणांत परदेशी माणसं ऐसपैस राहतात. एक जानेवारीचा खण मात्र बंद होत नाही. त्यात आपले एकेचाळीस वादक आणि गायक आहेत. पासपोर्ट करणारा कारकून गावोगाव फिरला तेव्हा जन्मतारीख विचारल्यावर लोकांनी खरं ते सांगितलं: कोकरं लवकर झाली त्या वर्षी, खिंड बंद व्हायच्या आत. कारकुनाने एक जानेवारी लिहिलं आणि पुढच्या तंबूत चहाला गेला.

चार मिनिटांत एकेचाळीस माणसं मावत नाहीत. पदकवाले आधी. कोमुझ हे तीन तारांचं वाद्य वाजवणारे चोरोबाय अके, म्हणजे काका, अडतिसावे होते. आयुष्यात त्यांचं एकच ध्वनिमुद्रण झालं, तीन मिनिटांचं, आणि ते एकदाही वाजलं नव्हतं.

एका एप्रिलमध्ये ते कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन आले.

"पोरी, माझा नंबर कधी?"

"अके, या वर्षी तुमच्या पुढचे दोघं गेले."

"म्हणजे छत्तिसावा झालो."

"नाही हो. गेलेल्यांना आधी घेतात."

"मग मीही तीच सोय बघतो," अके म्हणाले. वय अठ्ठ्याहत्तर, कागदोपत्री. "तुझ्याकडे एवढे दिवस पडलेत. एखादा दे की मला. साधासा, मंगळवार चालेल."

"तारीख द्यायची नसते, अके. शोधायची असते."

संचालक नुर्दीन दारातून ऐकत होता. मनाने वाईट नाही, घाईत असतो. "एजे, टाका काहीतरी लिहून. कोण विचारतंय?"

"कारकुनालाही असंच वाटलं होतं," एजे म्हणाल्या.

फितीच्या डब्यावर नुसतं '१९६४' होतं. अकेंना दिवस आठवत नव्हता, पण मेंढ्या आठवत होत्या. कुरणावर चढण्याआधी कळप शहराबाहेरच्या हौदात औषधी पाण्यातून काढायला आणला होता. एक एडका लंगडत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासायला शहरात मागवलं. परत जाताना रेडिओचं दार उघडं दिसलं, कोमुझ पाठीला होताच.

"आणि एडका?"

"बाहेर बांधला. फार ओरडत होता मेला."

एजेंनी फीत लावली. पहिला सूर लागायच्या आत, लांबून, एडका ओरडला. गेली पन्नास वर्षं तंत्रज्ञ त्याला मशीनची खरखर समजत आले होते.

मग पशुवैद्यकीय कार्यालय. जुन्या वह्या पोटमाळ्यावर, कबुतरांच्या ताब्यात. "गाण्याचा आणि खुरांचा काय संबंध, एजे?" तिथला डॉक्टर म्हणाला. सुट्टीचे सहा दिवस घालवून एजे डोक्याला फडकं बांधून वह्या उलटत बसल्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी आभारही मानणार नव्हतं. सातव्या वहीत सापडलं: कळप तीनशे चाळीस, मेंढपाळ चोरोबाय, एडका एक, पुढचा डावा खूर, तपासून त्याच दिवशी सोडला. नऊ जून.

नऊ जूनसाठी राजधानीहून परिपत्रक आलेलं होतं. एका परदेशी गायकाची साठी, चारही मिनिटं त्याची, सहीशिक्क्यासह.

"पुढच्या वर्षी घेऊ अकेंना," नुर्दीन म्हणाला.

"गायक कितीचा?"

"साठचा."

"मग तो थांबू शकतो."

नुर्दीनने परिपत्रकाकडे पाहिलं, एजेंकडे पाहिलं आणि त्याला अचानक गॅरेजमध्ये काम निघालं.

चोरोबाय अके तोवर कुरणावर गेले होते, आणि तिथे आपला रेडिओ पोचत नाही. एजेंचा निरोप पोचला तेव्हा घोड्या सुनेवर सोपवून ते दीड दिवस खाली उतरले. सात चाळीसला रेडिओच्या बोळात बाकावर बसले होते, डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, कल्पाक, हात गुडघ्यांवर. एजेंनी तारीख सांगितली, वर्ष सांगितलं, नाव सांगितलं. एडका ओरडला. मग तीन मिनिटं कोमुझ. अकेंची बोटं गुडघ्यावर चालत होती.

"घाई केली होती मी मधे," वाजून झाल्यावर ते म्हणाले. "एडक्यामुळे."

पुढच्या सोमवारी त्याच बाकावर पाच म्हातारे बसले होते. एकाने आपल्या तारखेचा पुरावा म्हणून घोड्याच्या नालाची पावती आणली होती.

मंजूर क्रम कोणत्या अधिकारात बदलला, याचा खुलासा मागणारं राजधानीचं पत्र फाइलला आहे. पशुवैद्यकीय कार्यालयाच्या पोटमाळ्याची किल्ली एजेंकडे आहे.