न वाचलेल्या पुस्तकावरचा अभिप्राय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी रविवारी वाचनालयात जायचं थांबवलं ते प्रभाकरभाऊ गेल्याच्या दुःखानं. सगळ्यांनाच तसं वाटतं. मी वाटू दिलं.

कुठून सुरू करू? पुस्तकांपासूनच करतो — ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

रिसोडच्या एका शाळेत मी उभी नोकरी विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर आम्ही दहा-बारा जणांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारची बैठक सुरू केली. कथा-कादंबऱ्या नकोत, हे मीच ठरवलं. ताऱ्यांवरची, मेंदूवरची, जंतूंवरची, इतिहासाची पुस्तकं घ्यायची. एकानं वाचून यायचं, मत मांडायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. बहुतेक वेळा तो एक जण मी असायचो. मास्तर ना मी!

आणि मी पुस्तकं वाचत नव्हतो.

म्हणजे — प्रस्तावना वाचायचो. मागच्या पानावरचा मजकूर, पहिली दोन-तीन प्रकरणं, मधेच कुठलं तरी एक पान. मोबाईलवर इतर वाचकांनी काय लिहिलंय तेही बघायचो. तेवढ्यावर अर्धा तास सहज बोलता यायचं. ‘लेखकाची मांडणी पकड घेते, पण शेवटी थोडी घाई झाली आहे’ असं मी कितीतरी पुस्तकांबद्दल म्हटलंय. शेवट कुणी पाहिला होता? कधी कुणी पकडलं नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं का? असतं बहुतेक.

प्रभाकरभाऊ एस.टी.त कंडक्टर होते, रिसोड-मालेगाव गाडीवर. निवृत्तीनंतर बैठकीला सगळ्यांत आधी तेच यायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेल्यात जमा होती, बारीक अक्षर लागायचं नाही. म्हणून माझ्या अगदी जवळची खुर्ची धरायचे आणि ऐकायचे. मी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जसंच्या तसं सांगायचे. ‘‘सर बोलले म्हंजे मी वाचल्यासारखंच झालं,’’ असं म्हणायचे. मला किती बरं वाटायचं ते ऐकून — हेही सांगायलाच हवं.

एका रविवारी मी साखरेच्या आजारावरचं एक पुस्तक घेतलं. डॉक्टरनंच लिहिलेलं, जाडजूड. तीन प्रकरणं वाचली होती. जेवण बदलून ज्यांच्या गोळ्या सुटल्या, अशा माणसांच्या हकिकती होत्या त्यांत. मी रंगात येऊन बोललो. म्हणालो, खाणं सांभाळलं तर औषध सुटतं, इंजेक्शनसुद्धा सुटतं. कुणीतरी विचारलं, ‘‘सगळ्यायचंच सुटते का, सर?’’ मी म्हणालो, पुस्तकात पुराव्यासकट दिलंय.

इंजेक्शनचं मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. बोलण्याच्या भरात जोडलं.

बैठक संपल्यावर भाऊ माझ्याजवळ आले. ‘‘सर, ते पुस्तक मले देजा. पोरीकून वाचून घेतो.’’ त्यांची मुलगी तेव्हा माहेरी आली होती. मी दिलं नाही. म्हणालो, कशाला तिला त्रास, सार तर मी सांगितलंच. खरं कारण वेगळं होतं. मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार, आणि मी काय काय वाचलेलं नाही ते उघड होणार — ही भीती. तेवढ्यासाठी मी पुस्तक घरी नेलं आणि कपाटात ठेवलं.

भाऊंनी आपलं रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शन बंद केलं. मला सांगितलंही, मोठ्या उत्साहानं. तेव्हा तरी थांबवायचं! निदान म्हणायचं, डॉक्टरला विचारा. मी म्हणालो, वा! महिना-दीड महिन्यात त्यांच्या पायाला चपलेनं साधी जखम झाली. ती चिघळली. वाशीमला नेलं, तिथून अकोल्याला. पाय कापावा लागला. तोवर विष अंगभर भिनलं होतं.

ते अकोल्याला होते तेव्हा एका दुपारी मी कपाटातून ते पुस्तक काढलं आणि पहिल्यांदा पुरतं वाचलं. सातव्या प्रकरणात, चौकट करून, ठळक अक्षरांत लिहिलं होतं — इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नये, जिवावर बेतेल. लेखकानं सांगितलं होतं. मीच तिथवर पोचलो नव्हतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी भाऊ गेले.

आता जे सांगायचंय ते हे. आतापर्यंतच्याला तुम्ही आळस म्हणाल, मिरवण्याची हौस म्हणाल. पुढच्याला काय म्हणाल?

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीत पाहुणे बसले होते, बैठकीतले चौघेही होते. शोभावहिनी, भाऊंची बायको, सगळ्यांसमोर माझ्याकडे वळल्या. रागानं नाही — त्यांना नुसतं समजून घ्यायचं होतं. ‘‘सर, तुमी तं ते पुस्तक पुरं वाचलं व्हतं ना? मंग त्यात इंजेक्शन सोडा असं काहून लिवलं व्हतं?’’

मी म्हणालो, ‘‘तसं नव्हतं, वहिनी. बंद करू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मीही सांगितलं होतं. भाऊंनी अर्धवटच ऐकलं.’’

पान नंबरही सांगितला. बैठकीतल्या चौघांपैकी कुणी काही बोललं नाही. त्यांना आठवत नव्हतं, की माझ्यासमोर बोलायचा धीर झाला नाही? मी कधी विचारलं नाही. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, मास्तर खोटं कशाला सांगतील. आणि वहिनींनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं — हार घातलेल्या फोटोकडे — एखादी बाई जिवंत नवऱ्याकडे पाहते तशा रागानं.

ज्या माणसानं माझा शब्दन् शब्द जपला, त्याला मी त्याच्याच घरात अर्धवट ठरवलं.

त्याला दोन वर्षं झाली. वहिनींचं घर माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मुलगी त्यांना आपल्याकडे बोलावते, त्या जात नाहीत. गेल्या गुरुवारी भाजीबाजारात भेटल्या. वाळल्या आहेत. पदर सावरून मला नमस्कार केला, आणि आपणहूनच म्हणाल्या, ‘‘तुमी येवढं सांगून राह्यले व्हते, सर. पन ह्या मान्सानं कोनाचं आयकलं नाही. मले एकटीले टाकून गेला.’’

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी.