दोन्हीला जी हुजूर

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते उस्मानाबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचे. त्यांनी माझं बोट कापलं, म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. वडील तेरखेड्यात शोभेची दारू करत. घरात शाळेची पायरी चढणारा मीच पहिला. नळ्यात दारू ठासताना भडका उडाला आणि माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट जळून काळं पडलं.

बैलगाडीनं दवाखाना गाठला. डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, पण मराठी समजेल इतकी बोलत. पट्टी सोडून ते वडिलांना म्हणाले, "आज बोट कापलं तर हात वाचेल."

"जी हुजूर."

"न कापता मलमपट्टीवर ठेवता येईल. कदाचित बोट राहील. पण विष चढलं तर पंजा जाईल."

"जी हुजूर."

सरकारी माणसापुढं आमच्याकडं एवढंच बोलायची रीत. डॉक्टरसाहेब हसले. "अहो उस्ताद, दोन्हीला जी हुजूर? कापू का ठेवू?"

"हुजूरला बरं वाटंल ते करा. आमाला काय कळतंय?"

"मला वाटून काय उपयोग? हात ह्याचा आहे." त्यांनी स्टूल माझ्यापुढं ओढलं. "बोलो मियाँ, काय करायचं?"

माझ्याबद्दलची गोष्ट मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी म्हणालो, "ह्या बोटाबिगर टाक धरता येतो का?"

"माहीत नाही. बघू या."

त्यांनी स्वतःचं ते बोट मुडपलं, अंगठा आणि मधल्या बोटात टाक धरून, आमच्या शाळेत शिकवत त्या उर्दूत एक ओळ लिहिली. अक्षरं दारू प्यायल्यासारखी झुलत होती.

"खराब आहे, पण वाचता येते. घोटलंस तर सुधारेल. तुझ्या जागी मी कापलं असतं. तू नको म्हणालास तर पट्टी रोज मीच बांधीन."

मी ती ओळ पुन्हा वाचली. "कापा," म्हणालो.

डॉक्टरसाहेबांनी वडिलांकडं पाहिलं. वडील माझ्याकडं बघत म्हणाले, "जी हुजूर."

पुढं कॉलेजात माझ्या हाताकडं बघून कुणी हळहळलं, की मलाच नवल वाटे. मी स्वतः ठरवून दिलेलं बोट होतं ते.

बी. ए.चा निकाल लागला त्याच दिवशी मी त्यांना हैदराबादला उर्दूत पत्र टाकलं:

"डॉक्टरसाहेबांना सलाम. मी तेरखेड्याच्या दारूवाल्याचा मुलगा. पास झालो. सगळे पेपर ह्याच हातानं लिहिले. वडील अजून मला जी हुजूर म्हणून चिडवतात. माझं अक्षर तुमच्या त्या ओळीपेक्षा बरं आहे, हे आपण आता वाचताच आहात."