इस्त्रीच्या घडीतला चौदावा अर्ज

कडकबाई,

पत्र बघून तुम्ही नाक मुरडलं असतंत. "लिहून काय होतंय, मास्तरीणबाई?" तरी लिहिते. आमच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान चालवणारी ही बाई काय चीज होती, ते चार लोकांना कळू दे.

खळ इतकी घालायचात की सदरा एकटा उभा राहावा. जिभेला तर त्याहून जास्त. म्हणून कडकबाई.

त्या साली लढाईतून पळून आलेली माणसं मागच्या बंद गोदामात राहायला आली आणि आम्हा सुशिक्षितांना कंठ फुटला. निर्वासितांसाठी भागीदारी आणि जनजागृती समिती! अकरा जण, बहुतेक निवृत्त, सगळ्यांना माइक हवा. दोन महिने आम्ही कापडी फलकावर कोणत्या संस्थेचं नाव वर, यावर भांडलो. माझं मंडळ तिसरं गेलं म्हणून मी एका बैठकीतून तणतणत उठून आले होते.

शाळेची अट साधी होती. कागदपत्रं हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी इथल्या एका रहिवाशाने सही करायची, की मी या मुलाला ओळखतो. एका माणसाने एकाच मुलासाठी. मुलं चौदा. आम्ही समितीचा शिक्का मारून चौदा अर्ज पाठवले. ते परत आले. शिक्का नको, माणूस हवा. "संस्थेची सहानुभूती वेगळी, वैयक्तिक जबाबदारी वेगळी," अध्यक्ष म्हणाले. जुने वकील ते. वाक्य इतकं छान की आम्ही इतिवृत्तात घेतलं.

गोदामातली एक आई तुमच्याकडे कपड्यांवर पाणी शिंपडायला यायची. तिच्याकडून तुम्हाला हे कळलं आणि तुम्ही ते अर्ज ताब्यात घेतलेत. तुमची सही चालत नव्हती, कारण तुमची खोली हद्दीबाहेर. पण गल्लीचे कपडे तुमच्या हातात होते.

जनजागृती फेरीच्या सकाळी अध्यक्ष दुकानात आले, तेव्हा मी तिथेच उभी होते.

"माझा कोट?"

"तयार आहे. इथे सही."

"अहो, मी या मुलाला ओळखत नाही!"

"तो काय बाकावर बसलाय. घ्या ओळख करून. तोवर कोट गरम राहील."

"हा सरळ दरोडा आहे!"

"इस्त्री आहे, वकीलसाहेब. सुरकुती जाईपर्यंत दाबायचंच असतं. नाहीतर जा बिनकोटाचे. लोक आणखी जागे होतील."

झाली सही. चार दिवसांत तेरा झाल्या. शाळेच्या कारकुनाची पँटसुद्धा तुम्ही सोडली नाहीत.

चौदावा अर्ज त्या पाणी शिंपडणारीच्या नऊ वर्षांच्या मुलीचा. तो माझ्या साडीच्या घडीत घालून दिलात. "हिचा तुम्हालाच. सातच्या पाढ्यात अडते, तेवढं बघा. शनिवारी बाराच्या आत स्वतः शाळेत नेऊन द्या. कारकून हुज्जत घालेल, पण तुमच्यापुढे टिकायचा नाही."

मी हो हो म्हटलं. सगळ्यांचे कपडे अडवलेत आणि माझी साडी तेवढी सहीआधी हातात दिलीत. इतका व्यवहार कळणारी बाई तुम्ही, आणि नेमकी तिथे चुकलात.

शनिवारी अकराला समितीची सभा होती. वक्ता मी, विषय 'आपली जबाबदारी'. टाळ्या थांबेनात. घड्याळ बघितलं तेव्हा दीड वाजला होता.

"पुढच्या वर्षी घेतील की," मी तुम्हाला म्हटलं. पुढचं वर्ष यायच्या आत ती आई मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात निघून गेली. ज्या बाईने अध्यक्षांना सोडलं नाही, ती मला एक शब्द बोलली नाही. माझ्या साड्या मात्र तशाच कडक येत राहिल्या, तुम्ही जाईपर्यंत.

ती साडी मी परवा पहिल्यांदा उलगडली. अर्ज आतच आहे. सहीची जागा कोरी. तिच्याशेजारी तुम्ही पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, मास्तरीणबाईंना सही कुठे करायची ते सापडावं म्हणून.