बाळू किडनी द्यायला आला तेव्हा

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्या हातात न देता माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "मिसेसच्या दोन्ही किडन्या मिळून पंधरा टक्केही काम करत नाहीयेत," त्या म्हणाल्या. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

"मला सांगा ना," मी म्हणाले. "किडन्या माझ्या आहेत."

तेव्हा कुठे त्या माझ्याकडे वळल्या. आजाराचं नाव डायबेटिक किडनी डिसीज, म्हणजे साखरेच्या आजाराने मूत्रपिंडांची झालेली नासाडी. मूत्रपिंडात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि रक्तदाब त्यांचं आतलं अस्तर खराब करतात. मग जी प्रथिनं रक्तातच राहायला हवीत, ती लघवीतून गळू लागतात. त्यातलं मुख्य प्रथिन अल्ब्युमिन.

"लघवीतलं अल्ब्युमिन शेवटचं कधी तपासलं होतं?"

"कधीच नाही."

डॉक्टरांनी पुन्हा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा राग मला अजून येतो.

मी भिंगारला राहते. लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन म्हणून शिवणकाम करायचे. चाळिशीत साखर निघाली. त्यानंतर अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, एकदाही चुकवलं नाही. ते उपाशीपोटीची साखर बघायचे, गोळी कमीजास्त करायचे. लघवीला फेस येतो म्हणून सांगितलं, तर म्हणाले, पाणी जास्त प्या. पाय सुजतात म्हटलं, तर म्हणाले, दिवसभर मशीनवर बसता, सुजणारच. मला ते पटलं. मशीनवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचेच पाय दुखायचे.

वर्षातून एकदा करायची लघवीची साधी तपासणी. ती त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आजार कळल्यावर नातेवाईक भेटायला आले. "गोड लई खायचीस का गं?" हे प्रत्येकीने विचारलं. शेवटी शेवटी मी "हो, पोत्याने खायचे" म्हणायला लागले.

दोन महिन्यांत हातावर फिस्टुला केला. म्हणजे हातातली शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात, त्यामुळे शीर फुगते आणि तिच्यात जाड सुया टोचता येतात. मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा चार चार तास रक्त बाहेर काढून यंत्रातून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं.

काष्टीहून धाकटा भाऊ बाळू आला. शेती करणारा, धडधाकट माणूस. चहासुद्धा न घेता म्हणाला, "आक्के, माजी घे. मला दोन हायेत."

"मंगलला विचारलंस का?" मंगल म्हणजे त्याची बायको.

"तीच म्हनली, जावा म्हनून."

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले नाही. मला जगायचं होतं.

नगरच्या ज्या इस्पितळात माझं डायलिसिस व्हायचं, तिथेच त्याच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळला. पुढच्या तपासण्यांच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो, तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या. त्या मायक्रोआरएनएवर संशोधन करत होत्या. पेशीने कोणतं प्रथिन किती बनवायचं, यावर लगाम ठेवणारे हे आरएनए नावाच्या जनुकीय द्रव्याचे बारीक तुकडे. ते रक्तातूनही फिरत असतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावलं की त्यातल्या काहींचं प्रमाण बदलतं. "साखरेच्या पेशंटच्या किडनीतल्या वाहिन्या बिघडतायत, हे त्यावरून खूप लवकर ओळखता येईल का, ते आम्ही बघतोय," त्या म्हणाल्या.

"माझा निकाल कधी कळेल?"

"निकाल पेशंटला देत नाही, काकू. अजून ती तपासणी म्हणून पक्की झालेली नाही. पुढच्या लोकांना उपयोग होईल."

पुढच्या लोकांना. मी हसले. अकरा वर्षं साधी लघवी कुणी तपासली नाही आणि आता माझ्या रक्तातले इतके बारीक तुकडे मोजणार! तरी सही केली. बाळूनेही केली. मला आजारी लोकांच्या गटात घातलं, त्याला निरोगी लोकांच्या.

चार दिवसांनी त्याचे रिपोर्ट आले. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली. लघवीत अल्ब्युमिन, थोडंच, पण होतं. खात्रीसाठी तपासण्या पुन्हा केल्या. तेच आलं.

"यांची किडनी घेता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उलट यांच्याच किडन्या जपायला हव्यात."

"पन मला काईच हुत न्हाई!" बाळू उभा राहिला. "काल दिसभर उसाला पानी देत दारं धरलीत म्या."

"सुरुवातीला काहीच होत नाही. हीच या आजाराची खोड आहे. पण तुम्ही वेळेत आलात. औषधं आहेत, पथ्य आहे. पुष्कळ काही हातात आहे."

वेळेत. हा शब्द मला कुणी कधी म्हटला नव्हता. माझ्या भावाचा आजार लवकर सापडला होता आणि मला आधी हेवा वाटला. मिळणारी किडनी हुकली याचं दुःख नंतर, त्याची काळजी त्याहून नंतर. खोटं कशाला लिहू?

त्या संशोधक बाईंचा फोन आला. बाळूला निरोगी गटातून काढावं लागलं, म्हणून त्या दिलगिरी व्यक्त करत होत्या. माझ्याकडे दिलगिरी कुणीच व्यक्त केली नाही. जुन्या डॉक्टरांकडे मी मुद्दाम गेले, रिपोर्ट टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "साखरेत असं होतं कधीकधी."

तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात साठला की समजायचं, किडनी दमली. डॉक्टरांनी सांगितलं नाही, तर तुम्ही मागा. ते चिडले तरी मागा.

माझं नाव आता किडनीची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत आहे. यंत्राचे आणि तिथल्या सिस्टरांचे उपकार मी मानते. "देवाच्या मनात असेल" म्हणणाऱ्यांचे मानत नाही.

गेल्या महिन्यात बाळू डायलिसिसच्या वेळी आला. नवा रिपोर्ट खिशात होता, पण काढेना.

"दाखव," मी म्हणाले.

अल्ब्युमिन बरंच खाली आलं होतं. "आक्के, तुज्यामुळं कळलं गं," म्हणाला आणि माझ्या पलंगाशी उभा राहून रडला. 'असू दे रे' म्हणावंसं वाटलं, पण मी सिस्टरपुढे हात धरला. सिस्टरने सुया टोचल्या, यंत्र सुरू झालं.

"मंगलची तपासणी केलीस?" मी विचारलं.

"तिला काय झालंय?"

"तुला तरी काय झालं होतं? चार तास इथं बसू नकोस. जा, आजच तपासणीला घेऊन जा तिला."

त्याने डोळे पुसले आणि निघाला.