आत्यानं दुरुस्त केलेला नकाशा

माझी आत्या सव्वीस वर्षं दवाखान्याच्या धुलाई विभागात होती. डागाळलेल्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात पक्क्या काळ्या शाईनं वॉर्डचा नंबर घालायचा, हे तिचं काम. लग्न तिनं केलं नाही. का नाही, हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. ती आमच्याकडेच राहायची, म्हणजे खरं तर आम्हीच तिच्याकडे राहायचो.

आमची गल्ली रुळांच्या अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. गल्लीतली निम्मी माणसं तिथंच कामाला. रूळ ओलांडले की चार मिनिटांत दवाखान्याचं मागचं दार. रीतसर जायचं तर मोठ्या रस्त्याच्या पुलावरून पाऊण तासाचा वळसा. पाळीवर वेळेत पोचायचं असलेलं माणूस काय करील?

आत्याची जोडीदारीण म्हणजे आमची शेजारीण, बाळंतिणींच्या वॉर्डातली आया. दोघी रोज बरोबर जायच्या. एका सकाळी आत्याला ताप होता म्हणून शेजारीण एकटीच निघाली. धुकं होतं. तिनं थांबून एक मालगाडी जाऊ दिली आणि पाऊल टाकलं. मालगाडीच्या आडून दुसरी गाडी येत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. ‘बेकायदा रूळ ओलांडताना महिलेचा मृत्यू.’

आत्यानं तो पेपर वडिलांसमोर आपटला. “बेकायदा? मग कायद्याची वाट कुठाय, दाखव मला!”

“अगं ताई, मी छापलंय का ते?”

“वाचलंस ना पण, चहा पीत पीत!”

वडिलांनी कप खाली ठेवला.

मग रुळांच्या कडेला भिंत आली. भिंतीवर दंडाची पाटी आली. आठवडाभरात भिंतीला भगदाड पडलं आणि माणसं त्यातून वाकून जाऊ लागली. वर्षभरानं नगरपालिकेला जाग आली. पादचारी पूल बांधणार, नकाशा सभागृहात लावलाय, नागरिकांनी हरकती कळवाव्यात. आत्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला बरोबर घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

भिंतभर नकाशा. पूल लाल रंगात, ठसठशीत. पण तो आमच्यापासून किलोमीटरभर लांब, नव्या बाजारसंकुलाच्या दारात उतरत होता. आणि जिथं आमची गल्ली हवी तिथं पांढरं. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’.

“आपलं घर कुठंय यात?” आत्यानं विचारलं. मी त्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.

“नकाशाला हात लावू नका,” टेबलामागचा कारकून म्हणाला.

“कधीचा हो हा नकाशा?”

“असेल जुना. पण अधिकृत आहे.”

“म्हणजे मी जन्मापासून मोकळ्या जागेत राहतेय?”

कारकून हसला. तो हसला नसता तर पुढचं झालं नसतं, असं मला अजून वाटतं. आत्यानं अंगातल्या कामाच्या झग्याच्या खिशातून चादरींवर नंबर घालायचा पेन काढला, दातांनी टोपण उपसलं आणि नकाशावर आमची गल्ली काढली. दोन्ही बाजूंची घरं, कोपऱ्यावरचा नळ, शेजारणीचं दार. मग रुळांवरून दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत एक जाड रेघ. “हा पूल,” ती म्हणाली.

कारकून ओरडत उठला. शिपाई धावत आला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आत्यानं शांतपणे टोपण लावलं. “ही शाई निघत नाही हं. उगाच घासत बसू नका, कागद फाटेल.”

सरकारी दस्तऐवज विद्रूप केल्याची नोटीस आली. दवाखान्यानं आठ दिवस कामावरून बाजूला केलं. आई रडकुंडीला आली, “वन्सं, माफी मागून टाका ना.” आत्या म्हणाली, “चुकीचा नकाशा मी नीट केला. माफी त्यांनी मागायची.”

पुलावरच्या हरकतींच्या सुनावणीला गल्ली लोटली. मुख्य अभियंता वर बसले होते, सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. साहेबांनी फाइल उघडली. “तुम्ही म्हणता त्या जागी आम्ही पादचारी मोजले आहेत. एक्केचाळीस. एवढ्यांसाठी पूल होत नसतो.”

“मोजले कधी?”

साहेबांनी पान उलटलं. “रविवारी. अकरा ते एक.”

आत्या उभी राहिली. “रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद. अकराला पाळीची माणसं आत. दुकानाला कुलूप असताना गिऱ्हाईकं मोजायला गेलात तुम्ही! आणि त्या मोजणीवर आमचं मरण मोजताय?”

“नियमानुसारच झालंय सगळं,” साहेब म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून कोणीतरी खाकरलं. नगरपालिकेचे नकाशे काढणारे आरेखक होते ते, निवृत्तीला आलेले, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेला. “साहेब, बाईंचं बरोबर आहे. गल्ली राहून गेलीय असं पत्र मी दिलं होतं. जुनाच नकाशा वापरा, असा शेरा आहे आपला त्यावर.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना फेरमोजणी कबूल करावी लागली.

ती सोमवारी झाली, पहाटे साडेपाचपासून संध्याकाळी आठपर्यंत. आरेखक भगदाडापाशी बसले. आत्याचा त्यांच्यावरही भरवसा नव्हता, म्हणून ती दवाखान्याच्या दाराशी वही घेऊन बसली. त्यांचा आकडा तीन हजार एकशे साठ. तिचा एकोणीसनं जास्त. त्या एकोणीस माणसांवरून दोघं अर्धा तास भांडली.

पूल आमच्या गल्लीत आला. यायला सहा वर्षं लागली. तोवर आत्या निवृत्त झाली होती आणि तिचे गुडघे गेले होते. उद्घाटनाला मांडव, माईक, हारतुरे. ‘प्रशासनाची दूरदृष्टी’ या शब्दांवर टाळ्या पडल्या. आत्याला आमंत्रण नव्हतं आणि आरेखकांनाही नव्हतं. शेजारणीचं नाव तर कोणाच्या ओठांवरही आलं नाही.

भाषणं संपल्यावर आत्या पूल चढली. आमच्या बाजूला छान रॅम्प होता. पलीकडे पोचली आणि थबकली. खाली अठ्ठावन्न पायऱ्या. दवाखान्याच्या बाजूला रॅम्पच नव्हता. त्या जागेत डॉक्टरांच्या गाड्या उभ्या राहतात, म्हणून तो वगळला होता. चाकाच्या खुर्चीतल्या पेशंटला वर ढकलत न्यायचं आणि तिथंच ठेवायचं, असा तो पूल!

“पुढच्या टप्प्यात करू,” असं लेखी उत्तर आलं. आत्या दर महिन्याला नवा अर्ज देते. आरेखक आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसतात. सात गाड्या हलवल्या की रॅम्प सहज बसतो, हे त्यांनी मापासकट काढून दिलंय. अजूनही दोघं भांडतात, आता उताराच्या मापावरून.

गेल्या आठवड्यात मी आत्याला रिक्षानं दवाखान्याच्या बाजूला घेऊन गेले, कारण अखेर एक नवी अभियंता टेप घेऊन आली होती. तिनं विनंती करून एक गाडी काढायला लावली आणि माप घ्यायला वाकली. तेवढ्यात दुसरे एक डॉक्टर आपली गाडी त्या मोकळ्या जागेत घालू लागले. आत्या काठी टेकत गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

“आजी, बाजूला व्हा. मला उशीर होतोय.”

“आम्हाला सात वर्षं झाली,” आत्या म्हणाली. “मोजणी चाललीय. थांबा.”

त्यांनी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं, आणि अभियंत्यानं टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.